ढिगाखालचा कोळसा

(सन १७७३, जुलैची दुपार. पोलंडमधलं ओल्शांका गाव. वर्षापूर्वी तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी पोलंडचे लचके तोडून घेतले. आता कुठला लचका कुठे संपतो ते मोजायला माणसं हिंडताहेत. गावाच्या दक्षिणेला, खालच्या ओढ्याकाठी, छातीएवढा मातीचा एक ढीग आहे. ढिगापाशी व्हिएन्नाच्या फौजेतला मोजणीचा कप्तान, फावडी घेतलेले चार शिपाई, आणि कुणी न बोलावता आलेली सालोमेआ नावाची एक बाई.)

कप्तान : मग हे गवत पिवळं का?

सालोमेआ : ऊन आहे म्हणून. तुमच्या गावी जुलैत गवत हिरवंगार असतं का?

कप्तान : शेजारचं हिरवंच आहे. फक्त या ढिगावरचं पिवळं आहे. आणि तेही चौकोनी चौकोनी. पावाचे तुकडे कापून मांडावेत तसं.

सालोमेआ : गायी चरल्यात.

कप्तान : गायी चौकोनी चरतात?

सालोमेआ : आमच्या चरतात. वळणाच्या आहेत.

कप्तान : बाई, तुमचं नाव सालोमेआ. वरच्या आळीत तुमची पाणचक्की. नवरा वारला, एक मुलगा आहे. बरोबर?

सालोमेआ : सकाळपासून एवढंच शोधून काढलंत? हद्द शोधायला आलात ना तुम्ही?

कप्तान : हद्दच शोधतोय. करारात दोन ओळी आहेत. वोलिन सुभ्याची जुनी, खरी हद्द जिथे असेल तिथवर आमच्या महाराणींचं राज्य, त्याच्या पलीकडे पोलंड. ज्यांनी त्या ओळी लिहिल्या त्यांनी हा मुलूख कधी पाहिलेला नाही. पाहायचं काम माझ्याकडे आलं.

सालोमेआ : मग पाहिलंत की. हा समोर हद्दीचा ढीग. ओढ्याच्या त्या अंगाला तुमची महाराणी, या अंगाला आख्खं गाव पोलंडचं. लिहा कागदावर आणि घोड्यावर बसा. जाताना ताक घेऊन जा, उन्हाचं बरं असतं.

कप्तान : एक साक्षीदार राहिलाय. सतराशे नऊ सालचा कागद सापडलाय माझ्याकडे. ढीग घातला त्या दिवसाचा. त्यात ओनुफ्री नावाचा एक मुलगा आहे, वय सात. आज एकाहत्तर असेल. जिवंत आहे का?

सालोमेआ : नाही.

कप्तान : नक्की?

सालोमेआ : मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेले. छाती भरली होती. फार चांगले होते.

ओनुफ्री : कोण गेलं गं साल्का?

सालोमेआ : बाबा, तुम्ही इकडे कशाला आलात? पाय दुखतोय ना तुमचा?

ओनुफ्री : पाय दुखतोय, कान नाही दुखत. माझं नाव ऐकलं आणि कुणीतरी चांगलं होतं असंही ऐकलं. म्हटलं, दोन्ही एकत्र कसं. कोण आहे तुझ्यासमोर? मला नुसतं पांढरं पांढरं दिसतंय.

कप्तान : मी महाराणींच्या फौजेतला मोजणी-कप्तान. बसा, म्हातारबा.

ओनुफ्री : म्हातारबा कुळांना म्हणा. मी सरदार आहे. जिल्ह्याच्या सभेत मला मत आहे, आणि ही कमरेला तलवार आहे.

सालोमेआ : तीन गायींचे सरदार. नांगरताना तलवार झाडाला टांगून ठेवायचे.

ओनुफ्री : टांगायचो, पण न्यायचो. तुम्ही आमची भाषा बोलता, कप्तानसाहेब. जरा वाकडी बोलता, पण बोलता. कुठले तुम्ही?

कप्तान : मोराव्हियाचा. आमची भाषा तुमच्या भाषेची चुलत बहीण.

ओनुफ्री : तिथे कुणाचं राज्य?

कप्तान : व्हिएन्नाचं. दीडशे वर्षं झाली.

ओनुफ्री : आणि तुमचे लोक काय करतात?

कप्तान : दुसऱ्यांच्या जमिनी मोजतात. सरदार ओनुफ्री, हा कागद ऐका. ‘ढीग घातल्यावर, जागा विसरू नये म्हणून, रिवाजाप्रमाणे गावातल्या तीन मुलांना त्या ढिगावर पालथं घालून हेझलच्या छडीचे फटके दिले. मुलांची नावं...’

ओनुफ्री : फ्लोरियान, येन्द्रेक आणि मी.

कप्तान : तसंच लिहिलंय.

ओनुफ्री : माझं नाव आहे त्यात? कुठे? माझं बोट धरून ठेवा त्यावर. हे? एवढंसंच? मला वाटलं होतं मोठं असेल. साल्का, बघ गं, मी कागदावर आहे.

सालोमेआ : बघितलं. चला आता घरी. बीटचं सार गार होतंय.

ओनुफ्री : ते गारच पितात उन्हाळ्यात. थांब, साहेब कधी नव्हे ते विचारताहेत. तुम्ही लिहून घ्या. अकरा फटके होते. छडी ओली होती, म्हणजे जास्त लागते. मारणारा कोर्टाचा कारकून होता आणि रडत तोच होता, कारण त्याला मूलबाळ नव्हतं. मग तिघांना एकेक नाशपती दिली. फ्लोरियान घोड्याखाली गेला, येन्द्रेक त्याच वर्षी प्लेगात. राहिलो मी. पुढे दर ईस्टरला माझा बाप मला विचारायचा, कुठे खाल्लास मार? मी सांगायचो. मग पोळीला मध.

कप्तान : ढीग मातीचाच होता? नुसत्या मातीचा?

सालोमेआ : मातीचाच. ढीग आणखी कशाचा असतो? बाबा, उठा.

ओनुफ्री : तिला काय ठाऊक. माती काय हो, दहा पावसाळ्यांत बसते. कुळं नांगर फिरवतात, डुकरं उकरतात. म्हणून ढिगाच्या आधी कमरेएवढा खड्डा खणतात आणि त्यात कोळसा ओततात. लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. दोन पाट्या कोळसा, त्यावर चर्चच्या फुटलेल्या खिडकीची निळी काच, त्यावर लोहाराच्या भट्टीतली राख. ती काच मी स्वतः टाकली. बोट कापलं होतं. वर माती. माती गेली तरी खाली खूण राहते. आमचे बापजादे वेडे नव्हते.

कप्तान : शिपाई, खणा.

सालोमेआ : कशाला उगाच त्यांना उन्हात...

ओनुफ्री : इथे कुठे खणताय? इथे काय आहे? हा ओढ्याचा आवाज येतोय, म्हणजे आपण खालच्या ओढ्यावर आहोत. इथे कुठला ढीग? साल्का, माझा हात का दाबतेस?

सालोमेआ : काही नाही बाबा.

ओनुफ्री : हे माझ्या काठीला काय लागतंय? मऊ. नवी माती आहे ही. वाकून चाचपू दे. साल्का, ही भुसभुशीत लागतेय, म्हणजे काळी माती आहे. ओढ्याकाठी तर सगळी पिवळी चिकण.

कप्तान : तेच सकाळपासून मी यांना विचारतोय. काळी माती गावात एकाच जागी दिसली मला. चर्चसमोर, तळ्याच्या काठी. तिथे एक गोल वाफा आहे, त्यात कोबीची रोपं माना टाकून पडलीत. जुलैमध्ये कोबी लावतात तुमच्याकडे?

सालोमेआ : उशिराचा असतो तो.

कप्तान : किती खोल गेलात रे? कमरेच्या खाली? काही लागलं?... काही नाही म्हणतोय. एक गांडूळ आहे. भरून टाका.

ओनुफ्री : मी तोंड उघडायला नको होतं.

सालोमेआ : नको होतं.

कप्तान : आता मला जे म्हणायचंय ते शांतपणे ऐका. आज पहाटे वरच्या आळीत माझ्या शिपायांनी एक हातगाडी पकडली. चाकांना काळी माती. गाडीवर चार फावडी आणि फावड्यांवर झोपलेला एक मुलगा. अठरा-एकोणीस वर्षांचा. नाव सांगत नाही. बाकीचे पळाले, हा इतका दमला होता की त्याला जागच आली नाही.

सालोमेआ : कुठे आहे तो?

कप्तान : माझ्या तंबूत. जेवलाय. तुम्ही विचारलंत, म्हणजे तुमचाच.

सालोमेआ : त्याला मारलं का?

कप्तान : अजून नाही.

ओनुफ्री : मार्चिन? मार्चिनला धरलंय?

कप्तान : हद्दीची खूण हलवणाऱ्याची शिक्षा तुमच्या जुन्या कायद्यातही सौम्य नाही. आमच्या फौजी कायद्यात आधी चाबूक, मग किल्ल्यात बेड्या. किती वर्षं ते वरचे ठरवतात. मी अशी तीन माणसं पोचवलीत. परत आलेला एकही पाहिलेला नाही.

सालोमेआ : मी सांगितलं त्याला. गावाला मी भरीस घातलं. माती माझ्या चक्कीच्या पिशव्यांतून नेली. मला न्या.

कप्तान : तुम्हाला नेलं तरी तो सुटत नाही, बाई. फावडी त्याच्या अंगाखाली होती.

ओनुफ्री : काय हवंय तुम्हाला? तुम्ही नुसतं धमकवायला आला असतात तर एवढं हळू बोलला नसतात.

कप्तान : सरदार, तुम्ही शहाणे आहात. जुना ढीग कुठे होता हे आता आपल्या तिघांनाही माहीत आहे. तळ्याकाठी. म्हणजे खरी हद्द गावाच्या मधोमध जाते.

ओनुफ्री : जाते. तळ्याच्या दक्षिणेला आमची बारा घरं. उत्तरेला चर्च, कब्रस्तान, पाणचक्की, साल्काचं घर. आत्तापर्यंत त्याचं काय होतं? मी एका कोर्टात भांडायचो, ती दुसऱ्या. राज्य एकच होतं. हद्द आहे हे ढिगाला आणि मला सोडून कुणाला ठाऊकही नव्हतं.

कप्तान : आता तिथे चौकी बसेल. कुंपण पडेल. चर्चला जायला परवाना लागेल. दळण न्यायला जकात. आणि तसं लिहायचं तर मला कारण लिहावं लागेल, की ढीग जागेवर का सापडला नाही. मग तो मुलगा त्या कागदावर येतो.

ओनुफ्री : आणि दुसरी वाट?

कप्तान : तुम्ही शपथेवर सांगायचं, की फटके वरच्या ओढ्याकाठी पडले. गावाच्या उत्तरेला. तिथे जुनं एक टेकाड आहे, कशाचं कुणास ठाऊक. सही करायला कागदावरचा एकमेव जिवंत साक्षीदार आहे. कुणी तपासणार नाही. गाव अखंड राहील. आणि इथलं हे काय आहे? हद्दीची खूण नव्हे. मातीचा ढीग. मातीचा ढीग कुणी का घातला, असं कुठलंच कोर्ट विचारत नाही. मुलगा जेवायला घरी.

सालोमेआ : आणि आख्खं गाव तुमच्या घशात.

कप्तान : हो.

सालोमेआ : तुम्हाला बढती मिळेल.

कप्तान : आमच्या सेनापतींना रेषा उत्तरेला सरकलेली आवडते. मी लपवत नाही.

ओनुफ्री : पुढे मार्चिनला तुमच्या फौजेत ओढणार नाही, असं वचन देता?

कप्तान : नाही. ते माझ्या हातात नाही, आणि जे हातात नाही त्याचं वचन मी देत नाही. मी घोड्याला पाणी दाखवून आणतो. शिपाई, चला. घोडा फार पितो, वेळ लागेल.

सालोमेआ : गेला का?

ओनुफ्री : पाठ फिरवून उभा असेल. चांगला माणूस आहे. चांगला माणूस पाठवला की काम लवकर होतं.

सालोमेआ : बाबा.

ओनुफ्री : मला सांगितलं का नाहीस?

सालोमेआ : तुम्हाला सांगितलं असतं तर रविवारच्या आत बाजारभर झालं असतं.

ओनुफ्री : माती हलवलीत आणि कोळसा ठेवलात. सत्तर माणसांचं गाव, एकालाही वाटलं नाही का, की खाली काय आहे ते बघावं?

सालोमेआ : आम्हाला काय ठाऊक खाली काही असतं? मार तुम्ही खाल्लात. गवतसुद्धा मी हातानं कापून वर लावलं, चौकोन चौकोन. रोज पाणी घालायचं राहिलं.

ओनुफ्री : मला विचारायचं.

सालोमेआ : विचारलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही. नुसता कोळसा नाही, नाशपतीसकट. आणि मग म्हणाला असता, खूण हलवणं पाप आहे, माझ्यावर फटके पडलेत. म्हणाला असता की नाही?

ओनुफ्री : म्हणालो असतो.

सालोमेआ : मग?

ओनुफ्री : पापच आहे ते.

सालोमेआ : बरं. तिघांनी टेबलावर नकाशा पसरून आपला देश कापला ते काय होतं? त्यांनी किती मोठे ढीग हलवले? त्यांना कोण चाबूक मारतंय? माझ्या पोरानं एक गाडी माती वाहिली.

ओनुफ्री : ओरडू नकोस, तो ऐकेल.

सालोमेआ : ऐकू दे. बाबा, वरचा ओढा म्हणा.

ओनुफ्री : तुला कळतंय का तू काय मागतेस? खरं सांगितलं तर तुझं घर पोलंडमध्ये राहतं. तुझी चक्की, तुझ्या आईची कबर, चर्च. मी त्या बाईच्या राज्यात गेलो तर जाऊ दे, मला आता दिसत तरी काय. पण तू सुटतेस. वरचा ओढा म्हटलं की तुला मी माझ्या हातानं तिकडे ढकललं.

सालोमेआ : पोर किल्ल्यात सडत असताना मी कुठल्या राज्यात दळण दळते, त्याला काय करायचंय?

ओनुफ्री : तसं नाही गं.

सालोमेआ : तसंच आहे. तुम्हाला देशाचं वाटतं, मला मार्चिनचं वाटतं. मी वाईट असेन. असू दे.

ओनुफ्री : तू वाईट नाहीस. वाईट कोण ते मला माहीत आहे. जिल्ह्याची ती सभा आठवते तुला? तू लहान होतीस.

सालोमेआ : आठवते. महिनाभर सांगत होतात. एकट्यानं सभा मोडली म्हणून.

ओनुफ्री : एकट्यानं. दीडशे सरदार बसलेले. फौज वाढवायची, त्यासाठी कर द्यायचा, असं ठरत आलं होतं. आणि मी उठलो, तलवारीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘मला मंजूर नाही.’ झालं. एकाला मंजूर नाही म्हणजे कुणालाच नाही. सगळे घरी. केवढा तोरा होता मला. राजासुद्धा माझ्यापुढे काही करू शकत नाही, असं वाटायचं.

सालोमेआ : आणि त्या बड्या सरदारानं पिंपभर बिअर पाठवली.

ओनुफ्री : बिअर आणि भाजलेलं डुक्कर. तो आधीच म्हणाला होता, उठ आणि बोल. मला वाटलं, मी माझ्या मनानं बोललो. तेव्हा मी ‘मंजूर’ म्हटलं असतं तर आज या ओढ्यावर आपलेही चार शिपाई उभे असते. गावोगावी माझ्यासारखा एक एक होता, साल्का. त्या तिघांना फार जोर लावावा लागला नाही.

सालोमेआ : आता ते कशाला उगाळताय?

ओनुफ्री : कारण तेव्हा माझ्या एका शब्दानं सभा मोडायची, आणि आज माझ्या एका शब्दावर गाव आहे. मधल्या काळात माझा शब्द कुणी विचारलाही नाही. शपथेवर मी कधी खोटं बोललो नाही गं. सभेतलं वेगळं, ते मत होतं. शपथ वेगळी.

सालोमेआ : मला माहीत आहे.

ओनुफ्री : सात वर्षांचा होतो. मला एकाच कामासाठी मारलं. पुढे कधीतरी, कुणीतरी येऊन विचारील, हद्द कुठे? तेव्हा मी बरोबर जागा दाखवायची. एवढंच माझं काम होतं या जगात, बाकी मी गायीच राखल्या. चौसष्ट वर्षांनी विचारणारा आला. आणि तू म्हणतेस चुकीची जागा दाखव.

सालोमेआ : हो.

ओनुफ्री : दुसरं काही सुचत नाही?

सालोमेआ : चार रात्री माती वाहिली, बाबा. जेवढं सुचलं तेवढं ते होतं.

ओनुफ्री : मार्चिन खरंच फावड्यांवर झोपला होता?

सालोमेआ : लहानपणी बैलगाडीत पिशव्यांवर झोपायचा तसाच.

ओनुफ्री : बोलव त्याला. कप्तानाला. घोडा फुटेल नाहीतर पाणी पिऊन.

सालोमेआ : कप्तान, या.

कप्तान : ठरलं?

ओनुफ्री : आधी मुलाला आणा. मला त्याचा आवाज ऐकायचाय.

कप्तान : आधी शपथ.

ओनुफ्री : आवाज आधी. मी आंधळा आहे, मूर्ख नाही.

कप्तान : शिपाई, त्याला तंबूतून बाहेर काढा, तिकडूनच ओरडायला सांगा... ऐका.

सालोमेआ : तोच आहे. ‘आजोबा, काही सांगू नका’ म्हणतोय.

ओनुफ्री : ऐकलं मी. गाढव आहे. माझ्यावर गेलाय. द्या तो क्रूस.

कप्तान : हा घ्या. उजवा हात वर, दोन बोटं. मी सांगतो तसं म्हणा.

ओनुफ्री : तुम्ही नका सांगू. दुसऱ्यानं सांगितलेलं एकदा बोललोय आयुष्यात, ते पुरे. आता निदान माझ्या शब्दांत बोलू दे. टोपी काढ साल्का माझी.

सालोमेआ : काढली.

ओनुफ्री : मी ओनुफ्री, ओल्शांका गावचा सरदार, स्तानिस्वाफचा मुलगा. क्रूसावर सांगतो. सतराशे नऊ साली हद्दीचा ढीग घातला तेव्हा मी हजर होतो. मला त्याच्यावर पालथं घातलं होतं.

कप्तान : कुठे?

ओनुफ्री : सांगतोय ना. दमानं घ्या. वरच्या ओढ्याकाठी.

कप्तान : गावाच्या उत्तरेला?

ओनुफ्री : उत्तरेला. गावाच्या पलीकडे.

कप्तान : फटके किती पडले?

ओनुफ्री : अकरा.

कप्तान : हे सगळं खरं आहे?

ओनुफ्री : अकरा खरे आहेत.

कप्तान : मी ‘हो’ लिहितो. इथे अंगठा... नको, सही करता? करा. हात मी धरतो. आता दोन्ही कागदांवर तुमचं नाव आलं.

ओनुफ्री : या खेपेला जरा मोठं आलं का?

कप्तान : मोठं आलं. शिपाई, मुलाला सोडा. हातगाडी द्या त्याची. फावडी ठेवून घ्या.

सालोमेआ : पळतच येतोय. बाबा, येतोय तो. लंगडत नाहीये.

ओनुफ्री : त्याला आत्ता माझ्याजवळ आणू नकोस. घरी पाठव. मी काय केलं ते आज नको सांगूस, उद्या सांग.

सालोमेआ : मार्चिन, घरी जा. तिकडून जा, ओढ्याच्या कडेनं. आजोबांना ऊन लागलंय. जा म्हणते ना.

कप्तान : मी तुमचा वेळ आणखी घेत नाही. एकच राहिलं. उद्या सकाळी वरच्या ओढ्यावर त्या टेकाडाशेजारी नवा ढीग घालायचा. खाली कोळसा घालू, काच घालू, सगळं तुमच्या रीतीनं.

ओनुफ्री : काच निळी घ्या. जमिनीत दिसते.

कप्तान : निळी घेतो. आणि मुलं लागतील. तीन. फटक्यांसाठी.

सालोमेआ : काय म्हणालात?

कप्तान : आमच्या नियमात नाही हे. पण मी चार वर्षं हिंडतोय, बाई. पन्नास वर्षांनी पुन्हा कुणीतरी मोजायला येतं. कागद जळतात. आज मला हे एक म्हातारे सापडले म्हणून काम झालं. पुढे जो येईल त्याला कोण सापडणार? तुमचाच रिवाज आहे. हळू मारू. नाशपती देऊ.

सालोमेआ : या गावातली एक आई मूल देणार नाही तुम्हाला. माझ्याकडे बघून सांगा, मी त्यांना जाऊन काय सांगू? की या, पोरं पालथी घाला, खोट्या जागेवर?

कप्तान : हळू बोला. ती जागा आता खोटी नाही. शपथेवरची आहे.

सालोमेआ : बाबा, तुम्ही सांगा त्यांना.

ओनुफ्री : साल्का, गप्प. कप्तानसाहेब, तुमचं बरोबर आहे. मारल्याशिवाय जागा लक्षात राहत नाही. मी त्याचा पुरावा आहे. दर ईस्टरला बाप विचारतो आणि मूल सांगतं, अमुक ठिकाणी. मोठं झालं तरी सांगतं. झोपेतून उठवलं तरी सांगतं.

कप्तान : तेच म्हणतो मी.

ओनुफ्री : म्हणून पोरं नकोत. ती ही खोटी जागा सत्तर वर्षं विसरणार नाहीत. मारायचंच असेल तर मला मारा. माझ्याजवळ ते फार दिवस राहणार नाही.